आधी निदान, मग फॉरमॅट

समजा, एप्रिलची दुपार आहे. लातूरमधल्या एका घरात बारावीची परीक्षा दिलेली मुलगी संगणकावर सीईटीची सराव परीक्षा सोडवत बसली आहे. अचानक पडदा काळा होतो. पंख्याची घरघर चालू आहे, दिवा लागलेला आहे, चित्र मात्र नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर कंपनीचे चिन्ह उमटते, ठिपक्यांचे वर्तुळ फिरते आणि पुन्हा अंधार होतो. संध्याकाळी वडील डबा दुचाकीवर ठेवून दुकानात नेतात. तिथे पाच मिनिटांत निकाल लागतो. एक तर ‘बोर्ड उडालाय’, नाही तर ‘फॉरमॅट मारावं लागंल’. पहिल्या निकालात काही हजार रुपये जातात. दुसऱ्यात मुलीच्या दोन वर्षांच्या नोट्स, घरातले फोटो आणि सातबाऱ्यापासून गुणपत्रिकांपर्यंत स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे जातात. दोन्ही निकालांत एक गोष्ट समान असते. बिघाड नेमका कुठे आहे, हे कोणी पाहिलेले नसते.

अंगात ताप असला की ‘डॉक्टर, एक सलाईन लावाच’ असा आग्रह धरणारे रुग्ण मराठवाड्यातल्या कोणत्याही डॉक्टरला नवीन नाहीत. सलाईनने तरतरी येते, पैसे दिल्याचे समाधान मिळते. ताप कशाचा होता, हे मात्र कळत नाही. फॉरमॅट हे घरच्या संगणकाचे सलाईन झाले आहे. त्याने कधी कधी बरे वाटते, म्हणून ते प्रत्येक दुखण्यावर दिले जाते. आणि फॉरमॅट करूनही भागले नाही, की थेट मदरबोर्ड बदलण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. या दोन टोकांच्या मध्ये निदान नावाची एक पायरी आहे. तिला वेळ लागतो, पण खर्च जवळजवळ लागत नाही. ती पायरी गाळली जाते, कारण तिचे पैसे द्यायला कोणी तयार नसते.

दुभाषा चुकला की सौदा फिसकटतो

मदरबोर्ड म्हणजे डब्यातली ती मोठी पाटी, जिच्यावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि बाकीचे सगळे भाग बसवलेले असतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग. काही संगणकांत ते वेगळे असते, बऱ्याच संगणकांत ते प्रोसेसरच्या पोटातच असते. या दोन्ही वस्तू हातात धरता येतात. ड्रायव्हर मात्र हातात धरता येत नाही. तो एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि विंडोज व यंत्राचा भाग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करतो.

उदगीर किंवा देगलूरचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. तिथे मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. विकणाऱ्याला तेलुगू येत नसेल आणि घेणाऱ्याला मराठी, तर मध्ये एक दुभाषा लागतो. माल चोख आहे, पैसाही खरा आहे, पण दुभाष्याने आकडा चुकीचा सांगितला, तर सौदा फिसकटतो. त्या वेळी माल खराब आहे असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र दुभाष्याची चूक सर्रास मालाच्या माथी मारली जाते.

ड्रायव्हरची चूक इतकी मोठी का दिसते, याला कारण आहे. बाकीचे प्रोग्रॅम बिघडले तर ते एकटे बंद पडतात. अनेक ड्रायव्हर मात्र विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात, त्यामुळे त्यांच्यातला बिघाड सगळा संगणक घेऊन बसतो. ग्राफिक्स कार्डाला काम दिल्यावर विंडोज साधारण २ सेकंद उत्तराची वाट पाहते. उत्तर आले नाही, तर ती ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू करून पाहते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो त्यामुळे. तेही जमले नाही, तर निळा पडदा येतो.

ही गोष्ट घरगुती संगणकांपुरती नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा नवी होती. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नोंदवलेल्या व्हिस्टाच्या बंद पडण्यांपैकी सुमारे २९ टक्के घटनांचा संबंध एकट्या एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरशी होता. हे आकडे पुढे अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. कार्डे जळाली नव्हती, नव्या विंडोजशी बोलणारे दुभाषे कच्चे होते. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल तिच्याच ड्रायव्हरने वाचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या ८५ लाख संगणकांचे मदरबोर्ड बदलावे लागले नाहीत. बिघडलेली यंत्रे सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे, हाच मुख्य उपाय होता.

कळ हातात, दुखणे हृदयात

याचा अर्थ दरवेळी दोष ड्रायव्हरचाच असतो असा नाही. उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. हृदयविकाराच्या झटक्यात डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येते. म्हणून कोणी हाताला मलम चोळत बसले, तर जीव जाईल. संगणकातही कळ एकीकडे आणि कारण दुसरीकडे असे घडते.

अलीकडचे मोठे उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. हे प्रोसेसर असलेल्या संगणकांवर खेळ चालू असताना ‘ग्राफिक्सची मेमरी संपली’ अशी सूचना येऊन खेळ बंद पडत असे. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डावर आणि त्याच्या ड्रायव्हरवर संशय घेतला. ड्रायव्हर काढले, घातले, पुन्हा काढले. शेवटी कारण निघाले प्रोसेसरमध्ये. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते आणि त्याने तो हळूहळू खराब होत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने दुरुस्ती दिली. ती घरोघर पोहोचली मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी जागा होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. आधीच खराब झालेला प्रोसेसर या अपडेटने बरा होत नव्हता. म्हणून कंपनीने अशा प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. म्हणजे लक्षण कार्डाचे, दोष प्रोसेसरमध्ये आणि उपाय मदरबोर्डच्या वाटेने. या प्रकरणात ज्याने घाईने नवे कार्ड घेतले, त्याचे पैसे पाण्यात गेले.

तेव्हा ‘ड्रायव्हरच असेल’ हेही निदान नव्हे आणि ‘बोर्डच गेला’ हेही नव्हे. निदानाला क्रम लागतो. तो क्रम साधा आहे. जे फुकट आहे आणि जे उलटवता येते, ते आधी. ज्याला पैसे लागतात आणि जे परत फिरवता येत नाही, ते शेवटी.

केस पेपर काढावा

सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा केस पेपर निघतो. संगणकाचाही काढावा. बिघाड कधीपासून आहे? त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले? विंडोजचे अपडेट आले का, नवा खेळ टाकला का, रात्री वीज गेली-आली का? आणि अजून काय व्यवस्थित चालते आहे? पडद्यावर जी सूचना येते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. विंडोजमध्येही एक तयार केस पेपर असतो. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असे शोधले की तारीखवार तक्ता दिसतो. कोणत्या दिवशी काय बसवले आणि कोणत्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या, हे त्यात एका नजरेत कळते.

त्यानंतर केबल पाहावी. हे हास्यास्पद वाटेल, पण साफसफाईनंतर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खोबणीत लागणे, ही नेहमीची चूक आहे. वेगळे कार्ड असेल तर वायर कार्डातच हवी. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का, तेही पाहावे.

मग सगळ्यात कामाचा प्रश्न विचारावा. पडदा कंपनीच्या चिन्हाआधी काळा होतो की नंतर? चिन्ह दिसते तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर अजून जागाच झालेला नसतो. त्यामुळे चिन्हच दिसत नसेल, किंवा चिन्हावरच रेघा आणि ठिपके येत असतील, तर विंडोजच्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. संशय वायर, रॅम, वीजपुरवठा, कार्ड किंवा बोर्ड यांच्यावर घ्यावा. चिन्ह स्वच्छ दिसून विंडोज सुरू होताना अंधार होत असेल, तर पहिला संशयित ड्रायव्हर. या एका प्रश्नाने अर्धे निदान होते आणि त्याला पानाही लागत नाही.

संशय ड्रायव्हरवर असेल, तर सेफ मोड ही कसोटी आहे. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे. होतच नसेल, तर सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा बंद पडल्यावर विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथून सेफ मोडमध्ये जाता येते. या अवस्थेत विंडोज कार्डाचा ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि स्वतःचा साधा दुभाषा वापरते. चित्र थोडे मोठे आणि ओबडधोबड दिसेल, पण तासभर टिकले, तर कार्ड आणि बोर्ड बहुधा धड आहेत असे समजावे. इथे मिळालेल्या संधीत पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घेणे.

मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ज्या भागाशी बोलणे बिघडले आहे, त्याच्यावर पिवळे त्रिकोणी चिन्ह असते आणि आत एक क्रमांक असतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे भाग सुरू होऊ शकत नाही. ४३ म्हणजे त्या भागाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने तो थांबवला. यामागे ड्रायव्हरही असू शकतो आणि कार्डही. बिघाड नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण जुना ड्रायव्हर परत आणते. ते बटण फिके दिसत असेल, तर ‘सिस्टीम रिस्टोर’ने काही दिवस मागे जाता येते. दोन्हीही उपयोगाचे नसेल, तर ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने बसवावा. यातल्या कशानेही घरातले फोटो पुसले जात नाहीत. फॉरमॅटची पाळी आली, तरी ती या सगळ्यानंतर येते आणि प्रत घेतल्यावरच येते.

संशय यंत्रावर असेल, तर वीज बंद करून, प्लग काढून मग डबा उघडावा. रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी टोक पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबरने हलके पुसून, कण झटकून एकेक पट्टी लावून पाहावी. पंखे फिरतात पण चित्र नाही, या तक्रारीत रॅमचा ढिला सांधा हे नेहमीचे कारण असते. वेगळे कार्ड काढून, मॉनिटर मदरबोर्डला जोडून पाहावे. मात्र काही प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्स नसतेच, त्यामुळे आधी प्रोसेसरचा क्रमांक तपासावा. बोर्डवरचा बटणासारखा सेल ३ व्होल्टचा असतो आणि तो थोड्या पैशांत मिळतो. घड्याळ दरवेळी मागे पडत असेल, तर तो बदलावा. त्यानंतर ओळखीच्या कोणाचा तरी चालू एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीजपुरवठा, लावून पाहावा. पण त्याच्या वायरी त्याच्याच वापराव्यात. एवढे सगळे झाल्यावर, शेवटी, बोर्डवर संशय घ्यावा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

ऊन, धूळ आणि काळी माती

पुण्या-मुंबईच्या पुस्तकी सल्ल्यात नसणाऱ्या काही गोष्टी नांदेड-लातूरला मोजाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो. संगणकाचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे आतला भाग खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. त्यात उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसला, की कार्ड तापते, आधी मंद होते आणि मग बंद पडते. सकाळी चालणारा आणि दुपारी दोनला बंद पडणारा संगणक ड्रायव्हरबद्दल तक्रार करत नसतो, तो उन्हाबद्दल करत असतो. वर्षातून दोनदा, एकदा होळीनंतर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढणे एवढे पथ्य पुरते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. पाण्याचा कूलर खोलीत चालेल, पण त्याचा थेट झोत डब्यावर नको. ओली धूळ बोर्डवर चिकटून बसते.

वीज हा दुसरा मुद्दा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर घराचे अर्थिंग तपासावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि जमिनीत वीज उतरेनाशी होते. अर्थिंग नसलेल्या घरात संगणक विनाकारण बंद पडू शकतो आणि त्याचे खापर बोर्डवर फुटते. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा. नाही तर वीज जाताच पंखे चालू राहतात आणि संगणक मात्र पुन्हा सुरू होतो.

बायोस अपडेटबाबत तर खास सावधगिरी हवी. इंटेलच्या प्रकरणात तो आवश्यक होता, हे खरे. पण अपडेट चालू असताना वीज गेली, तर चांगला मदरबोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. काही बोर्डांवर त्यातून परत येण्याची सोय असते, सगळ्यांवर नसते. म्हणून कारण असल्याशिवाय बायोसला हात लावू नये आणि लावायचाच असेल, तर यूपीएसशिवाय मुळीच लावू नये. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. बायोसमध्ये बदल केल्यावर किंवा बोर्ड बदलल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती साधारणतः मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. ती आधी कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती मिळाली नाही, तर संगणक दुरुस्त होतो आणि आतले सगळे गमावते.

दुभाषा घ्यायचा ओळखीचाच

ड्रायव्हर कुठून आणावा, हा प्रश्न औषध कुठून आणावे इतकाच गंभीर आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आणि लॅपटॉप असेल तर शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यावा. मदरबोर्डचे चिपसेट, आवाज आणि नेटवर्कचे ड्रायव्हर बोर्डाच्या नेमक्या मॉडेलच्या पानावरून घ्यावेत. मॉडेलचे नाव ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड’ या शब्दापुढे मिळते. ‘तुमचे २३ ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत’ अशी भीती घालणारे फुकट प्रोग्रॅम घेऊ नयेत. जे चालते आहे, त्याचा ड्रायव्हर केवळ जुना आहे म्हणून बदलण्याची गरज नसते.

जुन्या आणि स्वस्त कार्डांची गोष्ट वेगळी आहे. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या छोट्या स्टुडिओंत आणि घरांत ‘जीटी ७१०’सारखी कार्डे वर्षानुवर्षे बसवली गेली. त्या पिढीसाठी एनव्हिडियाने नवे ड्रायव्हर देणे २०२१ मध्ये थांबवले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४ मध्ये. ते कार्ड खराब झालेले नाही, पण त्याला नव्या भाषा शिकवणारा आता कोणी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरची ‘खाणकामे’ बंद झाली आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्याआधीपासून जुन्या चिपवर नव्या मॉडेलचे नाव चढवलेली बनावट कार्डेही फिरत होती. इतकी, की कार्डाची माहिती दाखवणाऱ्या ‘जीपीयू-झेड’ या प्रोग्रॅमला २०१८ मध्ये बनावट कार्ड ओळखण्याची सोय करावी लागली. अशा कार्डावर खरा ड्रायव्हर बसत नाही आणि दोष विंडोजला दिला जातो. जुने कार्ड घेताना तो प्रोग्रॅम दुकानातच चालवून पाहावा.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरोघरचे अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून ते भंगारात काढण्याचा सल्ला सहज दिला जातो. तो ऐकण्याआधी वाढीव सुरक्षा योजना आणि लिनक्ससारखी फुकट प्रणाली हे दोन्ही पर्याय तपासावेत. भंगारात गेलेल्या बोर्डांचे पुढे काय होते, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. तांब्यासाठी जाळलेल्या वायरींचा धूर आणि जुन्या बोर्डांच्या डाखातले शिसे शेवटी कोणाच्या तरी मुलांच्या अंगात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण धड असलेला बोर्ड मुळात कचऱ्यात न जाणे, हे त्याहून सोपे.

तपासणीची फी द्यायला शिकावे

या सगळ्यात दुकानदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्याची बाजू ऐकली पाहिजे. नीट निदानाला दोन तास लागू शकतात. दोन तास तपासून ‘रॅम ढिली होती, बसवली’ असे सांगितले, तर ग्राहक म्हणतो, ‘मग पैसे कशाचे?’ बोर्ड बदलला तर तोच ग्राहक मुकाट्याने पैसे मोजतो, कारण हातात वस्तू दिसते. ज्ञानाचे पैसे द्यायचे नाहीत आणि वस्तूचे द्यायचे, असा व्यवहार ग्राहकानेच ठरवला आहे. मग दुकानदार वस्तू विकतो, यात नवल नाही. फॉरमॅटही त्यामुळेच लोकप्रिय आहे. त्याला डोके लागत नाही, वेळ ठरलेला असतो आणि दर सगळ्यांना माहीत असतो.

हा व्यवहार बदलण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. दुकानांनी तपासणीची वेगळी फी जाहीर लावावी आणि ग्राहकांनी ती कुरकुर न करता द्यावी, जशी डॉक्टरची देतात. बदल्यात ग्राहकाने चार गोष्टी मागाव्यात. काय तपासले आणि काय आढळले, ते दोन ओळींत लिहून द्यावे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. बदललेला जुना भाग परत द्यावा. आणि बिल द्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. पण हक्क कागदावर असून भागत नाही, शेजारी तपासणारे हात लागतात.

ते हात इथे आहेत. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. तालुक्या-तालुक्याला आयटीआय आहेत. गावोगाव मोफत नेत्रतपासणीची शिबिरे भरतात, तशी वर्षातून एक रविवार संगणक तपासणीची शिबिरे या संस्थांनी भरवायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांना खरे बिघाड हाताळायला मिळतील आणि घरांना फुकट दुसरे मत मिळेल. शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला लोक आता शिकले आहेत. बोर्ड बदलण्याआधी ते का घेऊ नये? एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतही सेफ मोड, ड्रायव्हर मागे घेणे आणि फाइलींची प्रत घेणे यांच्या प्रात्यक्षिकाला एक पूर्ण दिवस मिळायला हवा.

लातूरच्या त्या घरात पडदा चिन्ह दिसल्यानंतर काळा होत होता. म्हणजे चित्र तयार करणारा भाग जिवंत होता आणि पहिला प्रश्न दुभाष्याला विचारायला हवा होता. सेफ मोड, फाइलींची प्रत, जुना ड्रायव्हर परत आणणे, एवढ्याने कदाचित तासाभरात सराव परीक्षा पुढे चालू झाली असती. कदाचित नसतीही, मग रॅम, एसएमपीएस आणि शेवटी बोर्ड तपासावा लागला असता. पण त्या परिस्थितीतही बोर्डाचे पैसे देताना वडिलांना आपण कशाचे पैसे देतो आहोत, हे ठाऊक असते. आणि मुलीच्या नोट्स पेन ड्राइव्हवर शाबूत असत्या.